ट्रक खाली बसवल्यावर हाईट सेन्सर सेट करणं

हाईट सेन्सर चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर सांगतो असं म्हणतात, पण खरं बघितलं तर त्याला कळतो तो फक्त स्वतःच्या दांडीचा कोन. सेन्सर चॅसीला बसवलेला, दांडीचं टोक लिंकनं ॲक्सलला जोडलेलं, गाडी खालीवर झाली की दांडी फिरते आणि साधारण 0.5 ते 4.5 व्होल्टमधला सिग्नल ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरला जातो. म्हणून सस्पेन्शन खाली केलं की गाडी रिकामी असली तरी ईसीयूला वाटतं माल भरलाय.

सोलापूरकडं ऊस-सिमेंट ओढणाऱ्या बऱ्याच ट्रकला अजून पाटेच (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात, तिथं हा विषयच येत नाही. येतो तो एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे हवेच्या फुग्यांवर बसलेल्या गाड्यांना आणि पोरं हौसेनं खाली बसवतात त्या पिकअपना. एअर सस्पेन्शनच्या बऱ्याच बसला सेन्सर नसून फुग्यात हवा सोडणारा-काढणारा साधा लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो, त्यात लिंकच्या लांबीवरच उंची ठरते, स्कॅनरचं (ईसीयूला जोडायच्या मशीनचं) काही काम नाही.

सेन्सर तसाच सोडला तर एअरवाली गाडी फुगे भरून परत वर यायला बघते आणि कॉम्प्रेसर उगाच पळत राहतो. फोकस आपोआप खालीवर करणारा ऑटो हेडलाइट असेल, सेन्सर फक्त मागं असेल आणि गाडी पुढूनमागून सारखीच खाली आली असेल तर सिस्टीमला मागची बाजूच दबलीय असं वाटतं आणि ती फोकस खाली पाडते, मग रात्री मोहोळकडं निघालं की पुढचा रस्ताच दिसत नाही.

बरेच जण थेट स्कॅनर लावून नवीन झीरो मारतात, म्हणजे आत्ताची उंचीच मूळ उंची म्हणून ईसीयूत भरतात (यालाच कॅलिब्रेशन म्हणतात). आधी दांडी मूळ कोनावर आणायची, मग कॅलिब्रेशन, हाच क्रम बरोबर, कारण दांडी आधीच एका टोकाला गेली असेल तर खड्ड्यात तिला फिरायला जागाच उरत नाही. चॅसी खाली आली की दांडी वर ढकलली जाते, त्यामुळं बहुतेक वेळा आखूड किंवा आट्यांची ॲडजस्टेबल लिंक लागते, पण काही मॉडेलमध्ये सेन्सर उलटा बसलेला असतो म्हणून खाली करायच्या आधीच कोनाचा फोटो काढून ठेवावा. नंतर सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण लोंबकळू देऊन बघायचं, लिंक आणि दांडी एका रेषेत येता कामा नये, आली तर दांडी पलटी खाते आणि सिग्नल उलटाच जातो. एअरवाल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, फुग्यातली हवा गेली की चॅसी खाली येते.

कॅलिब्रेशनला गाडी रिकामी, टायरची हवा बरोबर आणि जमीन सपाट पाहिजे. गॅरेजसमोरची उतरती जागा चालत नाही, त्यापेक्षा वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म बरा. मग भिंतीवर लो बीम टाकून बघायचा, 10 मीटरवर कटऑफ (उजेडाची वरची कड) दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 ते 15 सेंटिमीटर खाली पाहिजे.

नवीन स्प्रिंग थोड्या दिवसांत अजून जराशी बसते, तेव्हा पुन्हा एकदा माप घ्यावं. आणि हो, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये परवानगीशिवाय केलेल्या बदलांना लागू होतं, म्हणून एमएच 13 (सोलापूर) पासिंगच्या गाडीचं आधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.