चेहरा शांत, छातीत धडधड

‘मेंटल हॉस्पिटलच्या सिस्टर्सना काय, त्यांना सवयच असते!’ करोनाच्या दिवसांत हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. त्या शांत चेहऱ्यामागे मेंदू किती राबत असतो, याची बोलणाऱ्याला कल्पनाच नसते.

मनोविकार वॉर्डात माणसं एकत्र राहतात, एकत्र जेवतात. दक्षिण कोरियात चोंगदोच्या देनाम रुग्णालयात फेब्रुवारी २०२० मध्ये अशा एका बंद विभागातल्या शंभरेक रुग्णांपैकी जवळजवळ सगळ्यांना लागण झाली. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, आपल्या कुठल्याही मनोरुग्णालयात धास्ती तीच. मॅनियाच्या, म्हणजे अतिउत्साहाच्या आजाराच्या, भरात असलेल्याला ‘सहा फुटांवर उभे राहा’ सांगून काय उपयोग?

त्यात ते पीपीई किट. कुणीतरी आपल्याला उचलून न्यायला येणार, असं ज्याला आधीच वाटतंय, त्याच्यासमोर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली पांढरी आकृती इंजेक्शन घेऊन उभी राहते. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरनी किटवर मार्करने नाव लिहिलं, तरी रुग्ण पलंगाखालून बाहेर येईना. शेवटी त्यांनी रोजच्या सुरात हाक मारली, ‘मामा, चहा आलाय!’ आवाज ओळखून मामा बाहेर आले. सिस्टरची छाती तेव्हा धडधडत होती, चेहऱ्यावर मात्र काही नाही.

हे शांत राहणं दोन प्रकारचं असतं, आणि खरी गंमत इथेच आहे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, तटस्थपणे, तांत्रिक नजरेने पाहा. पहिल्यांचे चेहरे कोरे राहिले, पण किळस तेवढीच वाटली. उलट शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी सिंपथेटिक चेतासंस्था जास्त उत्तेजित झाली, बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसल्या. दुसऱ्यांना किळसच कमी वाटली, आणि शरीराला हा जादा भुर्दंड पडला नाही. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली. भावना दाबणाऱ्यांना पाहिलेले तपशील कमी आठवतात. ड्यूटी बदलताना हँडओव्हर देणाऱ्या नर्ससाठी हे किती महागात पडेल!

‘ही शिवी मला नाही, त्याच्या कानातल्या आवाजांना आहे,’ असा अर्थ लावायला मनोविकार परिचारिका शिकलेल्या असतात. म्हणजे दुसरी वाट. ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगणारे व्हॉट्सॲप-गुरू बहुतेक वेळा पहिलीवर ढकलतात. भीती वाटतेय म्हणायचीही चोरी!

पण अर्थ बदलण्याचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं, आणि त्यासाठी त्याला पुरेशी झोप मिळावी लागते. २००७ मध्ये झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने सुमारे ३५ तास जागलेल्यांना त्रासदायक चित्रं दाखवली. त्यांच्या अमिग्डालाचा, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या घंटेचा, प्रतिसाद नीट झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त होता आणि प्रीफ्रंटलशी त्याचा दुवा सैल पडला होता. नाइट ड्यूट्या, वर क्वारंटाइन झालेल्यांच्या बदली ड्यूट्या, मग आणखी काय होणार?

त्याच सिस्टरना विचारलं, तुम्ही तगलात कशा? म्हणाल्या, नाइट करून आलं की रूममेट बाहेरून दाराला चिठ्ठी लावायची: ‘झोपली आहे. बेल वाजवू नये.’