ईश्वरसिद्धी

ईश्वराचे अस्तित्व प्रमाणांनी सिद्ध करण्याचा प्रयत्न आणि त्यावरील खंडनमंडन. ईश्वर मानणे विवेकाला धरून आहे काय, हा प्रश्न भारतीय परंपरेत मुख्यतः अनुमानाच्या अंगाने चर्चिला गेला.

नैयायिकांचे (न्यायदर्शनाच्या अनुयायांचे) अनुमान असे : पृथ्वी इत्यादी कार्ये आहेत, कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने (सु. सातवे शतक) व्याप्तीवरच, म्हणजे ‘जेथे कार्य तेथे कर्ता’ या नियमावरच, बोट ठेवले. मातीचा आकार दिसला की कर्ता कुंभार, असे धरले तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल. मीमांसक कुमारिलाचा आक्षेप वेगळा : कुंभाराला शरीर असते, मग अशरीरी कर्ता दृष्टांतात कसा बसणार? नैयायिक उदयनाचा न्यायकुसुमांजली  हा या आक्षेपांना दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत समर्थ ग्रंथ होय. उदयनाचा काळ वादग्रस्त आहे. त्याच्या लक्षणावली या ग्रंथातील, शब्दांनी आकडे सुचवणाऱ्या कालनिर्देशक श्लोकात ‘तर्काम्बराङ्क’ असा पाठ घेतल्यास शके ९०६ (इ. स. ९८४) येते, ‘तर्कस्वराङ्क’ वाचल्यास शके ९७६ (इ. स. १०५४). उदयन ज्ञानश्रीमित्राचे खंडन करतो आणि हा बौद्ध पंडित साधारणपणे दहाव्या शतकाच्या अखेरीस व अकराव्याच्या आरंभी मानला जातो; त्यामुळे दुसरा पाठ अधिक सयुक्तिक वाटतो.

या वादाचा नागपूर परिसराशी संबंध पाहता, नागपूरच्या ईशान्येस असलेल्या रामटेकशी स्थानिक परंपरा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचे नाव जोडते. ईश्वर हा कर्ता आहे या मताचे खंडन करणारा एक छोटा ग्रंथ त्याच्या नावावर आहे, पण तो त्याचाच असणे संशयास्पद समजले जाते. त्यावरून या परिसरात वादाची जुनी परंपरा होती, असे अनुमान काढू नये.

पाश्चात्त्य चर्चेत पुराव्याविना विश्वास ठेवणे गैर, असे इंग्रज गणितज्ञ व तत्त्वचिंतक क्लिफर्डने १८७७ मध्ये मांडले. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये त्याला उत्तर दिले. मराठीत क्लिफर्डची, म्हणजे पुराव्याचा आग्रह धरणारी, बाजू नागपुरातून दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मासिकाने नेटाने लावून धरली. नवा सुधारक  व पुढे आजचा सुधारक  या नावाने निघालेल्या या मासिकातील त्यांची ‘विवेकवाद’ ही लेखमाला आजही मुळातून वाचण्यासारखी आहे.

नागपुरात या प्रश्नाला सर्वांत खोल वळण मिळाले ते मात्र तर्कग्रंथाने नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यांतील पहिली. बुद्ध आणि त्यांचा धम्म  (१९५७) या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही, असे प्रतिपादन आहे. सृष्टिकर्त्याविरुद्धचे युक्तिवाद तेथेही आहेत, परंतु भर आहे तो माणसाने माणसाशी कसे वागावे यावर. उदयनाच्या वादात ईश्वराची सिद्धता केंद्रस्थानी होती. येथे नीतीला ईश्वराची गरजच उरत नाही. नैयायिकांच्या अनुमानाचे बरेवाईट काहीही ठरले, तरी त्याने या भूमिकेला बाध येत नाही.