नदीचा प्राणवायू खातं कोण?

आळंदीला इंद्रायणीवर पांढराशुभ्र फेस तरंगू लागला की फोटो फिरतात, बातम्या येतात आणि सगळं खापर साबणावर फुटतं. कारखान्यांच्या सांडपाण्याचा त्यात वाटा आहेच. पण घरातून जाणाऱ्या पाण्यापुरतं बोलायचं, तर साबण एकटा गुन्हेगार नाही.

फेस व्हायला पाण्यात डिटर्जंट हवं आणि ते पाणी घुसळलं जायला हवं. घुसळण्याचं काम बंधारा करतो. पण घरातून निघालेलं डिटर्जंट तिथवर शिल्लक राहतंच कसं?

१९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवरही असेच फेसाचे ढीग साचत. तेव्हाच्या डिटर्जंटच्या रेणूत कार्बनची साखळी फांद्या फुटलेली असे आणि जिवाणूंना ती नीट तोडता येत नसे. जर्मनीने १९६१ मध्ये याविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत सरळ साखळीचे रेणू वापरात आले. आपल्या धुण्याच्या पावडरींतही आज मुख्यतः तेच असतात. जिवाणू ते फस्त करतात, पण पाण्यात प्राणवायू असेल तरच. तो संपला की हे काम जवळजवळ ठप्प होतं.

आणि पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? २५ अंश तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम. त्यावर मासे जगतात आणि जिवाणूही. नदीत खरकटं आलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि ते पचवताना हाच साठा संपवतात.

आता स्वयंपाकघरातला हिशेब बघा. एक लिटर दूध कुजवायला जिवाणूंना साधारण १०० ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे नासलेलं कपभर, १०० मिलिलिटर दूध सिंकमध्ये ओतलं, तर सुमारे १,२५० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडेल. तेल त्याहून खादाड. एक ग्रॅम तेल पूर्ण कुजायला जवळपास ३ ग्रॅम प्राणवायू लागतो, त्यामुळे मोठा चमचाभर तेल ५,००० लिटर पाण्याला पुरून उरतं. दिवाळीचा फराळ झाल्यावर कढईतलं काळं पडलेलं तळण कुठे जातं, ते घराघरांत माहीत आहे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोचलं तर तिथे पंपाने हवा सोडून हीच भूक भागवतात. त्याला वीज लागते. पोचलंच नाही, तर बिल नदी भरते.

म्हणूनच साबण बदलण्याआधी भांडी घासण्याची रीत बदलणं मला जास्त मोलाचं वाटतं. खरकटं ओल्या कचऱ्यात निपटून काढावं, तेलकट कढई जुन्या वर्तमानपत्राने पुसून मगच घासायला टाकावी. उरलेलं तळण बाटलीत साठवावं. त्यापासून बायोडिझेल बनतं आणि काही शहरांत ते गोळाही करतात. दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी कुंड्यांना घालायची आजीची सवय तर फुकटातली आहे. पुसलेल्या भांड्याला साबणही कमी लागतो आणि पाणीही.

पाणी वाचवलं की प्रदूषणही तेवढंच कमी होतं, असं मात्र नाही. खरकटं तेवढंच आणि पाणी कमी, तर सांडपाणी फक्त दाट होतं. फायदा होतो तो दुसरीकडे: धरणातून कमी उचलावं लागतं आणि केंद्रांवर कमी लिटरचा भार येतो. दोन्ही कामं करायला हवीत, पण ती वेगवेगळी आहेत.

पाणी वाया घालवणारं एक यंत्र मात्र आपण हौसेने भिंतीवर टांगतो. आरओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेक घरगुती यंत्रं दोन-तीन लिटर पाणी फेकतात. आरओचं खरं काम विरघळलेले क्षार काढण्याचं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात आणि सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी सहसा त्याच्या खूपच खाली असतं. समजा, नळाच्या पाण्यात १०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि यंत्र तीनपैकी दोन लिटर फेकतं. फेकलेल्या पाण्यात क्षार होतात सुमारे १५०. म्हणजे क्षारांपुरतं पाहिलं तर मोरीत जाणारं ते पाणीसुद्धा मानकात बसतं! अशा ठिकाणी जंतूंसाठी साधा फिल्टर आणि यूव्ही, किंवा उकळणं पुरतं. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याची गोष्ट निराळी, ते आधी तपासून घ्यावं. आरओ लागणारच असेल, तर त्याची बाहेर जाणारी नळी बादलीत सोडावी. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ते पाणी उत्तम.