आधी कुत्र्याचं घराणं विचारा: फ्लॅटमधल्या श्वानजातींची पार्श्वभूमी

टू बीएचके, आठवा मजला, नवरा-बायको दोघंही नोकरीला, शनिवार-रविवारी ट्रेक नाहीतर सायकल. अशा घरात कुठली जात चालेल? ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा इकडे खारघर-नेरुळला कुठल्याही व्हेटच्या दवाखान्यात बाकावर थोडा वेळ बसलं, की हा प्रश्न कानावर पडतोच. उत्तरही ठरलेलं असतं: "घर लहान आहे ना, मग छोटं ब्रीड घ्या." या सल्ल्यापायी बरीच कुत्री आणि त्यांची माणसंही बेजार झाली आहेत. चौरस फूट मोजून कुत्रं निवडायचं, ही पद्धत आपल्याकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या इमारतींपेक्षा जुनी नाही. स्थळ पाहताना जसं आधी घराणं विचारतात, तसं कुत्र्याबाबतही पणजोबा-खापरपणजोबा पोटापाण्यासाठी काय करत होते, हे आधी विचारायला हवं.

आपल्याकडे कुत्रं होतं ते उंबऱ्याबाहेर. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री, खंडोबासोबत कुत्रा, कोरडी पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. भक्तीत जागा होती, माजघरात नव्हती. गावातली कुत्री उष्ट्या-खरकट्यावर जगायची आणि त्या बदल्यात रात्री भुंकायची. त्यांची जोडी कुणी लावून दिली नाही. ऊन, पाऊस, गोचीड आणि उपासमार यांतून जे टिकलं त्याची पुढची पिढी आली. शहरातही ती माणसाच्या आसपासच राहिली. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला, मारणाऱ्याला बक्षीसही ठेवलं, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि फोर्टातले व्यवहार ठप्प झाले. इतिहासात त्याची नोंद 'बॉम्बे डॉग रायट्स' म्हणून आहे. भटक्या कुत्र्यांवरून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज जे पेटतं, त्याची परंपरा अशी दोनशे वर्षांची आहे.

'ब्रीड' हा प्रकार आज ज्या अर्थाने आपण घेतो, तो इंग्लंडातला, आणि तोही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिलं मोठं डॉग शो झालं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि वंशावळीच्या वह्या भरू लागल्या. त्याआधी कुत्र्याची ओळख कामावरून व्हायची. ससे हुंगत काढणारा, बिळात शिरणारा, पडलेलं बदक पाण्यातून आणणारा. क्लबच्या काळात कान किती लोंबावेत आणि शेपटी किती वळावी याला महत्त्व आलं. काम सुटलं, पण कामाची खोड रक्तात राहिली. आपण पिल्लू घेतो तेव्हा दिसणं निवडतो. घरात येते ती खोड.

लॅब्राडॉरचंच बघा. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांसोबत बर्फगार पाण्यात उतरून जाळी आणि निसटलेले मासे ओढत. पुढे ब्रिटनमधल्या बड्या जमीनदारांनी त्यांना शिकारीसाठी वाढवलं आणि १९०३ मध्ये केनेल क्लबची मान्यता मिळाली. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमधल्या लॉर्ड ट्वीडमाउथच्या इस्टेटीतला, १८६८ च्या वेतापासूनचा. जॅक रसेल हा डेव्हनच्या एका पाद्र्याच्या छंदातून आला. त्या पाद्र्याने १८१९ च्या सुमारास एक टेरियर कुत्री घेतली आणि कोल्ह्याला बिळातून हुसकावणारी चपळ जात तयार केली. डॅशहुंड जर्मनीतला, बिज्जूच्या बिळात घुसणारा. बीगल टोळीने सशांच्या मागावर तासन् तास धावणारा. हस्की सैबेरियातल्या चुकची लोकांचा, गाडी ओढत मैलोन् मैल जाणारा. जर्मन शेफर्ड १८९९ मध्ये मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून घडवला. या यादीत घरात बसण्यासाठी घडवलेला एकही नाही. तसे कुत्रे वेगळे: चीनच्या दरबारातले पग आणि शित्झू, तिबेटच्या मठांत आतल्या बाजूला राखण करणारा ल्हासा अॅप्सो.

म्हणजे आकाराने लहान असलेला जॅक रसेल हा फ्लॅटमधला सगळ्यात अवघड पाहुणा ठरू शकतो. सहा-सात किलोचं कुत्रं, पण दिवसभर बीळ शोधणार. बीळ नाही मिळालं तर सोफ्याचा कोपरा आहेच.

ठाण्याला पूर्वी हा प्रश्न पडत नव्हता, कारण नौपाडा-पाचपाखाडीच्या बंगल्यांना आणि चाळींना अंगण होतं. अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्डच, फाटकाशी बांधलेला असायचा आणि 'कुत्र्यापासून सावध रहा' ही पाटी त्याच्या नावाची. मग १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे वाशीपासून नवं शहर उभं राहू लागलं, आणि इकडे १९८२ मध्ये ठाण्याची महापालिका होईपर्यंत जुने बंगले पाडायला सुरुवात झालीच होती. सिडकोच्या सुरुवातीच्या वसाहतींत तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती आणि एक-दोन खोल्यांची घरं. सीबीडी बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये प्रत्येक घराला स्वतःची मोकळी जागा आणि मध्ये सामाईक चौक ठेवला होता, पण तो अपवाद. बाकी कुत्रं जिना चढून वर आलं आणि पहिल्यांदाच माणसासारखं दाराआड राहू लागलं.

त्या काळात वर आला तो पांढरा स्पिट्झ, ज्याला सगळे पॉमेरियनच म्हणायचे. परदेशी कुत्री आणणं अवघड होतं आणि हा इथल्या हवेला सरावलेला, कमी खाणारा. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या सुपरहिट सिनेमातल्या टफीने त्याला घराघरांत पोचवलं. त्याचं एकच मागणं: बोलू द्या. बेल वाजली, लिफ्ट थांबली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तो बोलणार. भिंती पातळ, त्यामुळे तक्रारी जास्त. आज त्याची फॅशन गेली आहे, पण लहान घरात चांगला निभावलेला कुत्रा म्हणून त्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही असं मला वाटतं.

लॅब्राडॉरवर मराठी माणसाचा जीव बसला त्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीरचा मोठा वाटा आहे. १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने हुंगून काढलेल्या स्फोटकांनी किती जीव वाचले याचा हिशेब नाही. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. शहाणा, शांत, माणसाळलेला, ही लॅबची प्रतिमा तिथून पक्की झाली. ती खोटी नाही, अर्धी आहे. झंजीरला रोज काम होतं. आपल्या लॅबला सकाळी दहा मिनिटं खाली आणि मग संध्याकाळी सातपर्यंत टाइल्सवर पडून राहणं. खादाड जात, तीस किलोच्या पुढे वजन, आणि खुब्याच्या सांध्याचं दुखणं या जातीत नेहमीचं. नेरुळच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने पिल्लू घेताना अकराव्या वर्षाचा विचार करावा. म्हातारं कुत्रं चादरीत घालून दोघांनी जिना उतरवायचं, दिवसातून तीनदा. छोटा म्हणून डॅशहुंड घ्यावा तर त्याची लांब पाठ जिन्याला आणखी नाजूक. मणक्याची चकती सरकली तर मागचे पायच जातात.

मग २००३ आला आणि हच या मोबाइल कंपनीची ती जाहिरात. पोराच्या मागे मागे जाणारा पग. एका जाहिरातीने एवढी मागणी वाढवल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे सापडणं कठीण. कुत्रं लहान, मायाळू, फारसं न भुंकणारं, म्हणजे फ्लॅटला उत्तम. अडचण खाडीकाठच्या हवेची आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तोंडा-नाकातला ओलावा उडतो आणि अंग थंड होतं. हवेतच दमटपणा भरलेला असला की ओलावा उडत नाही. त्यात पगचं नाक चेपलेलं, आतली वाट अरुंद. मे महिन्यात साडेनऊला पाम बीच रोडलगत जॉगिंग करणाऱ्या मालकामागे पग फरफटत चाललेला दिसतो, त्याची जीभ जांभळट होत आलेली असते, आणि मालकाला वाटतं आळशी आहे. हा कुत्रा सोबतीला चांगला, पण पळणाऱ्या घराचा नाही. फ्रेंच बुलडॉग आणि शित्झू यांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू. शित्झूच्या केसांचं पावसाळ्यात काय होतं, ते त्याच्या पार्लरवाल्याला विचारा.

त्यानंतरच्या लाटा पटापट आल्या. बीगल, हस्की, आता बॉर्डर कॉली. हस्कीबद्दल फार लिहायची गरज नाही: दोन थरांची लोकर अंगावर असलेलं जनावर कळव्याच्या उकाड्यात चोवीस तास एसीवर ठेवायचं, याला हौस म्हणत नाहीत. केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर निर्बंध घातले, तेव्हा दिलेल्या कारणांत एक हेच होतं, की थंड देशांतल्या जाती इथल्या हवेत हाल काढतात. बीगल मात्र इथे तगतो. आखूड केस, आटोपशीर आकार, गोड चेहरा. पण त्याला उपवनच्या काठाने फिरवून बघा. तलाव, माणसं, भेळेची गाडी यातलं काही तो बघत नाही. नाक पेव्हर ब्लॉकला चिकटलेलं, शेपटी ताठ, आणि दर चार पावलांवर ब्रेक. तुमचं पाच किलोमीटरचं टायमिंग तिथेच संपलं. पट्टा सुटला तर वासामागे सरळ रस्त्यावर. एकटा ठेवला तर टोळीतला प्राणी असल्याने लांब सूर काढून रडतो, आणि तो सूर दोन विंगपलीकडे पोचतो.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं थोडक्यात. फेब्रुवारी २०१५ च्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या परिपत्रकानुसार सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. आकार किंवा भुंकणं ही कारणंही चालत नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरवलं, पण कमिटीच्या मीटिंगमध्ये ते पत्र अजून फिरतं. पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र लागतेच.

आता पळणाऱ्या, ट्रेकला जाणाऱ्या घरांकडे येऊ. इथे दोन देशी पर्याय आहेत आणि दोघांकडे दुर्लक्ष झालं आहे. पहिला कारवान, म्हणजेच मुधोळ. दख्खनच्या पठारावरचा शिकारी कुत्रा. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची नीट पैदास केली. २००५ मध्ये टपाल तिकिटावर आला, २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेला. गंमत अशी, की एवढा उंच कुत्रा घरात अगदी गुपचूप असतो. जोरात धावायचं आणि मग पडून राहायचं, हा त्याचा स्वभाव. जॅक रसेलसारखी चुळबुळ नाही. पण त्याला मोकळं सोडून धावायला कुंपण असलेलं मैदान लागतं, आणि ठाण्यात ते कुठे आहे? पट्ट्यावर चालवून त्याचं भागत नाही. अनोळखी माणसांना तो लांबच ठेवतो. गावाकडे शेत असेल आणि दर आठवड्याला जाणं होत असेल, तरच विचार करावा.

दुसरा आपला गावठी, आता ज्याला सगळे इंडी म्हणतात. पंधरा-वीस किलो, आखूड केस, लांब नाक, उभे कान. दमट उन्हाळ्यात धापा टाकून अंग थंड ठेवायला लागणारी सगळी रचना जागेवर. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालवलं, पळवलं तर दिवसा घरात स्वस्थ. पारसिकच्या चढाला तो तुमच्याआधी वर. तोटे आहेतच: हद्दीबद्दल हळवा, गॅलरीतून खालच्या कुत्र्यांशी भांडणार, आणि गेटबाहेर पट्ट्यावर निघाला की गल्लीतली टोळी अंगावर येणार. रस्त्यावर वाढलेलं मोठं कुत्रं एकदम आठव्या मजल्यावर आणलं तर ते बिथरतं. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू किंवा कुणाच्या घरी फॉस्टर केलेलं, म्हणजे तात्पुरतं सांभाळलेलं, मोठं कुत्रं बघावं. वर्षाचं होईपर्यंत कुठल्याच जातीच्या पिल्लाला लांब पळवू नये, हाडं तयार झालेली नसतात. पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवू नये, कारण साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत असतं. आणि येऊरला घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्रा नेहमीचा आहे. उजाडायच्या आत किंवा तिन्हीसांजेला तिकडे नेऊ नये.

तरीही लॅब किंवा बीगलच हवा असेल, तर पिल्लू कुठून येतं ते बघा. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. विकणारा स्टेशनबाहेर पार्किंगमध्ये भेटायला बोलावतो, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर नंतर देतो म्हणतो, तेव्हा त्याच्या घरी जायचा हट्ट धरा आणि पिल्लाची आई दाखवायला सांगा. तिची चाल, श्वास, अनोळखी माणसाला बघून ती काय करते, हे दहा मिनिटं बघितलं तर पेपरपेक्षा जास्त कळतं. आई गावाला आहे असं सांगितलं तर तिथून निघा.