परभणीच्या उन्हाळ्यात प्रवाळांची टाकी: प्रकाश आणि तापमान

परभणीतल्या घरात साठ लिटर खारे पाणी सांभाळायचे म्हटले, की प्रकाश आणि तापमान हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत. प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी तापले की या शैवालाची प्रकाश वापरण्याची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक संयुगे साचू लागतात, आणि शेवटी प्रवाळ आपल्या या सोबत्याला गमावून पांढरा पडतो. २६ अंशांना जो प्रकाश त्याला मानवतो, तोच ३१ अंशांना बाधतो.

टाकीत काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ येतात, त्यामुळे ते घरी बाळगता येत नाहीत आणि कोणी विकत असेल तरी घेऊ नयेत. माझ्याकडे फुलांसारखे दिसणारे झोअँथिड आणि चकतीसारखे मश्रूम प्रवाळ आहेत; या दोघांनाही दगडी सांगाडा नसतो. त्यांना प्रकाशही बेताचाच लागतो, हे आपल्या हवामानात सोयीचे ठरते.

पाणी तांबडा प्रकाश वरच्या वर शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते. शैवालाची रंगद्रव्येही ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश चांगला टिपतात. म्हणून पांढऱ्याबरोबर गडद निळे एलईडी असलेला दिवा घ्यावा. मोबाइलमधल्या लक्समापकावर मात्र विसंबू नये, कारण लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याच्या मापाने, म्हणजे हिरव्या रंगाला झुकते माप देऊन ठरलेले आहे; निळ्या दिव्याखाली आकडा कमी दिसतो आणि आपण विनाकारण प्रखरता वाढवत जातो. प्रकाश संश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश ‘पार’ या मापात मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो २००० च्या घरात असतो, तर माझ्या प्रवाळांना ५० ते १५० पुरतो. मापक नसेल, तर प्रवाळाकडेच पाहावे: प्रकाश कमी पडला की झोअँथिडचे देठ लांबतात, जास्त झाला की मश्रूमची पसरट चकती आकसते. नवा दिवा एक तृतीयांश प्रखरतेवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

आता उष्णता. पाण्यासाठी २४ ते २७ अंश सेल्सिअस ही चांगली मर्यादा, आणि मे महिन्यात बाहेर ४१-४२. तरीही आपली कोरडी हवा इथे कामी येते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीही गार ठेवता येते: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा शोषला जातो, तर साठ लिटर खारे पाणी एका अंशाने उतरवायला जेमतेम २५० किलोज्यूल पुरतात. हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओले फडके २३ अंशांपर्यंत गार होऊ शकते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या किनारपट्टीवर ते २८ च्या खाली जात नाही. तिथे ज्यासाठी पाणी गार करणारा महागडा चिलर लागतो, ते इथे बऱ्याचदा कॉम्प्युटरमधल्या १२ व्होल्टच्या पंख्यावर भागते. काचेचे झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणावी, म्हणजे मासे उडी मारून बाहेर पडत नाहीत, आणि पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावावा. खोलीची खिडकी थोडी उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग उरत नाही. जागा निवडता येत असेल, तर स्लॅबखालच्या वरच्या मजल्यापेक्षा जुन्या माळवदाची खोली केव्हाही बरी.

या उपायाची किंमत पाण्यात मोजावी लागते. माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज दीड लिटर पाणी उडते, पण मीठ मागेच राहते, त्यामुळे एका दिवसात क्षारता हजारी ३५ वरून ३६ च्या जवळ पोहोचते. काचेवर खूण करून सकाळ-संध्याकाळ घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरून काढतो. बोअरचे जड पाणी नव्हे, आरओचेच, कारण बोअरमधले क्षारही साचतच जातात.

दिव्याचे वेळापत्रक मी एप्रिलमध्ये रोज अर्धा तास पुढे सरकवत सायंकाळी ७ ते पहाटे ३ असे आणतो. टाकीत शोषला गेलेला प्रकाश अखेर उष्णताच होतो, आणि दुपारच्या तापलेल्या पाण्यात प्रखर प्रकाश हे तर सर्वांत वाईट.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीन तास वीज गेली आणि पाणी ३१ अंशांवर पोहोचले. झोअँथिडची फुले मिटून बोंडांसारखी घट्ट झाली होती. घाबरून बर्फाची मोठी बाटली टाकीत सोडणार होतो, पण हिशेब केला: अर्ध्या लिटरच्या बर्फाची बंद बाटली या टाकीला सुमारे एक अंशाने उतरवते, आणि तासाला एका अंशाहून वेगाने पाणी गार करणे त्यांना सोसत नाही. मग तासाला एक बाटली ठेवली. बॅटरीवरचा एअरपंपही लगेच लावला, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि प्रवाह थांबल्यावर मासे आधी गुदमरतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुले पुन्हा उघडली.

डिसेंबरात पारा १० च्या खाली गेला की पंखा काढून १०० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर लावतो आणि काचेचे झाकण परत ठेवतो.