भरती-ओहोटी प्रवाह टर्बाइन

भरती-ओहोटीच्या वेळी समुद्राच्या पाण्याला येणाऱ्या ओढीवर पाती फिरवून वीज निर्माण करणारे यंत्र. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून चालणारे २४० मेगावॉटचे केंद्र या प्रकारात मोडत नाही. तिथे बंधारा घालून पाणी अडवतात आणि पातळीतल्या फरकावर वीज काढतात. प्रवाह टर्बाइनला बंधारा लागत नाही. पाण्यात बुडवलेली पवनचक्की असे तिचे वर्णन करतात, पण ही उपमा फार ताणू नये.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड असते, त्यामुळे मंद प्रवाहातही मोठी शक्ती असते. शिवाय वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. सेकंदाला २.५ मीटर वेगाच्या प्रवाहात दर चौरस मीटरमागे सुमारे ८ किलोवॉट शक्ती असते. वेग निम्मा झाला की उरतो जेमतेम १ किलोवॉट. म्हणूनच खुला समुद्र फारसा कामाचा नाही. लागतात त्या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटा आणि सामुद्रधुन्या, जसे स्कॉटलंडचे पेंटलंड फर्थ किंवा कॅनडातील फंडीच्या उपसागरातली मिनास ही चिंचोळी वाट. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, भरपूर वीज मिळते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, ती बरीच घटते, आणि बहुतेक ठिकाणी २४ तास ५० मिनिटांत चार वेळा पाणी थबकते. मात्र हे सारे वेळापत्रक कित्येक वर्षे आधी मांडता येते. वाऱ्याच्या बाबतीत ही सोय नाही.

खरी अडचण दुरुस्तीची. जिथे प्रवाह जोरदार, तिथेच पाणबुड्याला आणि जहाजाला काम करणे सर्वांत कठीण. भरती-ओहोटीच्या मधली थोडी निवांत वेळ साधायची, तेवढ्यात यंत्र सोडवायचे किंवा बसवायचे. फंडीच्या उपसागरात २००९ मध्ये तळाशी उतरवलेल्या एका टर्बाइनची पाती काही आठवड्यांतच तुटली. खारे पाणी आणि पात्यांवर चिकटणारे कवचधारी जीव यांचा त्रास आहेच.

टर्बाइनच्या रचनेतले बरेचसे बदल या एका अडचणीतून आले. उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉख या खाडीत २००८ साली बसवलेल्या १.२ मेगावॉटच्या ‘सीजेन’मध्ये १६ मीटर व्यासाची दोन चक्रे एका आडव्या बाहूवर होती आणि तो बाहू खांबावरून पाण्याबाहेर उचलता येई. तिथे सील या समुद्री प्राण्यांचा वावर असल्याने ध्वनिलहरींनी वेध घेणाऱ्या सोनार यंत्रणेने पहारा ठेवत आणि सील जवळ आला की यंत्र थांबवत. पेंटलंड फर्थमधील ‘मेजेन’ प्रकल्पात १.५ मेगावॉटच्या चार टर्बाइन तळावरच उभ्या आहेत. दुरुस्तीसाठी त्या जहाजाने उचलाव्या लागतात. २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ आलेल्या २ मेगावॉटच्या ‘ओ-टू’ने तळच सोडला. ७४ मीटर लांबीचा हा तराफा नांगरून ठेवतात आणि चक्रांचे हात पाण्याबाहेर वर घेतात, म्हणजे तंत्रज्ञाला छोट्या होडीतून जाऊनही काम करता येते.

किंमत अजून जड आहे. ब्रिटनच्या २०२२ मधील लिलावात या विजेला मेगावॉट-तासामागे १७८.५४ पाउंड (२०१२ च्या किमतींनुसार) भाव मिळाला. त्याच लिलावात समुद्रातील पवनविजेचा भाव ३७.३५ पाउंड होता. दुरुस्तीच्या बाजूने मात्र चित्र बदलते आहे. मेजेनमधील एका टर्बाइनने साडेसहा वर्षे अनपेक्षित दुरुस्तीशिवाय काम केल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.