वर्गाला आवडणारे मूल आणि वर्गात वजन असणारे मूल

लोकप्रिय मुले अधिक समंजस आणि सहकार्य करणारी असतात, असे एका लेखात वाचायला मिळते. लोकप्रिय मुले इतरांना अधिक छळतात, असे दुसऱ्या लेखात. आणि मग कोणीतरी हात झटकून म्हणते की मानसशास्त्राचे संशोधन आज एक सांगते आणि उद्या दुसरे. पालकत्वावरील लेखनात हा प्रकार इतक्या वेळा घडतो की तो वाचण्याचाही आता कंटाळा आला आहे. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी भक्कम आहेत. वर्गाला कोण आवडते आणि वर्गात कोणाचे वजन आहे, अशा दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत, आणि लिहिणाऱ्याने अभ्यासाची पद्धत न वाचता केवळ सारांशातला शब्द उचलल्यामुळे ती एकमेकांवर आदळतात.

पहिली गोष्ट, म्हणजे समवयस्कांची पसंती, बहुतेक वाचकांना परिचित आहे. जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात रुजवलेल्या समाजमितीच्या परंपरेत मुलांना एकमेकांविषयी विचारले जाते. शालेय संशोधनात हे प्रश्न साधारणतः ‘तुला सर्वांत जास्त कोण आवडते’ आणि ‘सर्वांत कमी कोण आवडते’ असे असतात. जॉन कॉई, केनेथ डॉज आणि हायडी कॉपोटेली यांनी १९८२ मध्ये या उत्तरांवरून मुलांचे वर्गीकरण करण्याची जी रीत मांडली, ती आजही वापरात आहे. मिळालेल्या निवडींचे आकडे वर्गागणिक प्रमाणित करायचे, म्हणजे लहानमोठ्या वर्गांतली मुले एकाच मापावर आणायची. आवडीतून नावड वजा केली की पसंती मिळते आणि दोन्हींची बेरीज केली की ते मूल इतरांच्या नजरेत किती भरते हे कळते. नाकारलेली मुले आणि दुर्लक्षित मुले यांत लोक उगाच गोंधळतात: पहिल्यांचे नाव नावडत्यांच्या यादीत वारंवार येते, दुसऱ्यांचे कोणत्याच यादीत फारसे येत नाही. मैत्री ही आणखी निराळी बाब आहे, कारण ती दोघांमधली असते. वर्गाला न आवडणाऱ्या मुलालाही एखादा जिवलग मित्र असू शकतो. या किरकोळ भेदांवर याहून जास्त शाई खर्च करण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात ठेवावे की पुष्कळांना आवडणाऱ्या आणि फार थोड्यांना नावडणाऱ्या मुलांच्या गटाला १९८२च्या त्या वर्गीकरणात ‘लोकप्रिय’ असेच नाव दिले होते, आणि पुढच्या घोळाचे बीज तिथेच आहे.

दुसरी गोष्ट मोजताना प्रश्न बदलतो. ‘तुला कोण आवडते’ असे न विचारता ‘या वर्गात सर्वांत लोकप्रिय कोण आहे आणि सर्वांत कमी लोकप्रिय कोण आहे’ असे विचारले जाते, आणि लोकप्रिय म्हणजे काय याची व्याख्या संशोधक बहुधा मुद्दामच देत नाहीत. वरवर पाहता हा शब्दांचा किरकोळ बदल वाटतो. प्रत्यक्षात मुलाची भूमिकाच पालटते. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना मूल स्वतःची भावना सांगते आणि संशोधक त्या खाजगी भावनांची बेरीज करतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मूल समूहाचा वार्ताहर होते; वर्गात कोणाचा शब्द चालतो, कोण उठून दिसते, कोणाभोवती इतर गोळा होतात, याविषयी सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट ते कळवते. ‘मत कोणाला देणार’ आणि ‘निवडून कोण येणार’ हे प्रश्न एकाच मतदाराला विचारले, तर तो अगदी प्रामाणिकपणे दोन वेगळी नावे सांगू शकतो, तसेच हे आहे. म्हणून एखादी मुलगी ‘मला सर्वांत कमी आवडते’ या यादीत आणि ‘सर्वांत लोकप्रिय’ या यादीत दुसऱ्या एकाच मुलीचे नाव लिहिते तेव्हा तिच्या उत्तरांत काहीही विसंगती नसते. या दुसऱ्या मोजमापाला मी इथे वजन म्हणतो आहे.

या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे जेनिफर पार्कहर्स्ट आणि आंद्रेया हॉपमेयर यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांवर दाखवले. ज्यांना वर्गाची पसंती होती त्यांतील बहुतेकांचे वजन फारसे नव्हते. पसंती असलेल्या पण वजन नसलेल्या मुलांचे वर्णन इतरांनी दयाळू आणि विश्वासू असे केले. वजन असलेल्या पण तितकी पसंती नसलेल्यांना वर्चस्व गाजवणारी, आक्रमक आणि शिष्ट म्हटले. या एकाच अभ्यासावरून दोन परस्परविरोधी मथळे सहज काढता येतील आणि दोन्ही खरे ठरतील.

ही फारकत होते कशी, याचे एक पटणारे उत्तर समाजशास्त्रज्ञ डोना एडर यांनी १९८५ मध्येच दिले होते. माध्यमिक शाळेतील मुलींच्या गटांचे प्रत्यक्ष निरीक्षण करताना त्यांना दिसले की एखादी मुलगी नजरेत भरू लागली की अनेक जणी तिच्याशी मैत्री करू पाहतात; सगळ्यांना प्रतिसाद देणे तिला शक्य नसते, शिवाय प्रत्येकीशी जवळीक केली तर तिचे स्थानही टिकत नाही. मग जिला प्रतिसाद मिळत नाही ती दुखावते, नजरेत भरलेली मुलगी शिष्ट ठरते, आणि वजन शाबूत राहून पसंती ओसरते. इथे कोणाचा स्वभाव मुळातच दुष्ट असावा लागत नाही. स्थानच नावड निर्माण करते, आणि ही गोष्ट ‘भांडकुदळ मुले लोकप्रिय होतात’ अशा सवंग वाक्यात कधीही येत नाही.

वयाचा मुद्दा गाळला तर उरलेले सगळे विवेचन लंगडे पडते. बालपणी ही दोन मापे बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. जो आवडतो तोच लोकप्रिय मानला जातो. किशोरवयात त्यांच्यातले अंतर वाढते, आणि ते मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये अधिक दिसते. अँटोनियस सिलेसन आणि लारा मेयू यांनी इयत्ता पाचवी ते नववीपर्यंत त्याच मुलांचा मागोवा घेऊन २००४ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात नात्यांमधून केलेली आक्रमकता, म्हणजे अफवा पसरवणे, गटाबाहेर टाकणे, अबोला धरणे, वयाबरोबर अधिकाधिक वजनाशी जोडली जात गेली आणि पसंतीपासून दूर जात राहिली. त्यामुळे लहान वर्गांतील निष्कर्ष उचलून किशोरवयीन मुलांच्या पालकांना सल्ला देणाऱ्यांचा मला विशेष राग येतो.

अर्थात हा भेद नव्याने कळलेले लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि वजन असलेले प्रत्येक मूल दांडगट ठरवून मोकळे होतात, तेही तितकेच चूक आहे. दोन्ही मापांमध्ये सहसंबंध आहे आणि तो सहसा धनच असतो, म्हणजे एक जास्त असले की दुसरेही बहुधा जास्त असते. फिलिप रॉडकिन आणि सहकाऱ्यांना २००० साली लोकप्रिय मुलग्यांमध्ये दोन वेगळे प्रकार आढळले: एक मनमिळाऊ आणि अभ्यासात पुढे असलेल्यांचा, दुसरा आक्रमक आणि कणखर मुलांचा. पॅट्रिशिया हॉली यांनी तर दाखवून दिले की सहकार्य आणि दबाव ही दोन्ही साधने हाताळणारी मुलेही असतात, आणि निव्वळ दबाव टाकणाऱ्यांच्या वाट्याला येते तशी नावड त्यांच्या वाट्याला येत नाही.

जोसेफ अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांचा २०१४चा अभ्यास तर या गोंधळात सर्वाधिक भरडला गेला आहे. १८४ मुलामुलींचा वयाच्या १३व्या वर्षापासून २३व्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणारा हा अभ्यास ‘लोकप्रिय मुले पुढे अपयशी होतात’ याचा पुरावा म्हणून सर्रास पुढे केला जातो. त्यात मुख्यतः पाहिले होते ते वेगळेच: वयाआधी मोठे झाल्याचा आव, म्हणजे लवकरची प्रेमप्रकरणे, किरकोळ बेकायदा कृत्ये, दिसायला आकर्षक मित्रमैत्रिणींचा हव्यास. अशा वागण्यामुळे सुरुवातीला लोकप्रियता मिळाली, पण ती टिकली नाही, आणि पुढील नातेसंबंध, व्यसने आणि कायद्याशी संघर्ष यांतल्या अडचणींशी संबंध आढळला तो त्या वागण्याचा. लोकप्रियतेने आयुष्य बिघडते, असे त्यात कुठेही सिद्ध झालेले नाही.

पालक किंवा शिक्षक यांना ‘हे मूल लोकप्रिय आहे का’ असे विचारून काम भागवणारे सर्वेक्षण माझ्या मते कशाचेच धड मोजमाप करत नाही, कारण उत्तर देणाऱ्याच्या मनात दोहोंपैकी काय होते हे नंतर कोणालाच कळत नाही. मुलालाच ‘तू लोकप्रिय आहेस का’ असे विचारणे तर आणखी तिसरे काहीतरी, म्हणजे त्याची स्वतःविषयीची समजूत, मोजते. वर्गातल्या मुलांना दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग आहे.

या भेदाकडे दुर्लक्ष केल्याचा व्यवहारात सर्वांत मोठा फटका छळविरोधी कार्यक्रमांना बसतो. छळणारे मूल सर्वांना नकोसे असते, त्याला वागण्याची रीत ठाऊक नसते, या गृहीतकावर त्याला सामाजिक कौशल्यांचे धडे दिले जातात. काही मुलांच्या बाबतीत ते योग्यही असेल. पण ज्याची पसंती कमी आणि वजन भरपूर आहे, त्या मुलाला समूह नेमका कसा चालतो हे उत्तम कळते, आणि छळाच्या बदल्यात त्याला बघ्यांकडून हवे ते मिळत असते. क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये फिनलंडमधील वर्गांत छळात साथ देणारे, हसून प्रोत्साहन देणारे, बाजूला राहणारे आणि बळीची बाजू घेणारे, अशा भूमिका वेगळ्या करून दाखवल्या. पुढे तिथेच उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम छळणाऱ्या मुलाशी स्वतंत्रपणे बोलतो, परंतु आपला मुख्य भार टाकतो तो वर्गातल्या उरलेल्या मुलांवर, कारण छळणाऱ्याला मिळणारे वजन त्यांच्याच हातात असते.